पाटीवर राहिलेली नोंद

शनिवार, १५ डिसेंबर १९००, सकाळचे नऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, ऐन अटलांटिकच्या तोंडावर असलेल्या एलन मोर या बेटावरच्या दीपगृहात कोणी तरी पाटी पुढे ओढली आणि तिच्यावर रोजच्यासारख्या चार बाबी टिपल्या : रात्रीची बत्ती किती वाजता मालवली, वायुभारमापकाचा पारा कुठे आहे, तापमान किती आणि वारा कसा आहे. पाटीवरची ही कच्ची नोंद नंतर शाईने पक्क्या वहीत उतरवायची, अशी तिथली रीत. १३ तारखेपर्यंतची वही पुरी झालेली होती. १४ आणि १५ तारखेचा मजकूर मात्र पाटीवरच राहिला, कारण तो उतरवून घ्यायला बेटावर कोणी उरले नाही. दीपगृहातली तिन्ही माणसे नाहीशी झाली होती.

या घटनेवर पुढे कविता झाली, ऑपेरा झाला, चित्रपट झाला. समुद्रातल्या राक्षसापासून परग्रहावरच्या यानापर्यंत सगळ्यांना या तिघांच्या नाहीसे होण्याचे धनी करून झाले. मूळ कागद मात्र मोजके आहेत. एक तार, एक पत्र आणि एक अहवाल. तिन्ही, प्रेते न सापडलेले ते मृत्यू उघडकीस आल्यापासून चौदा दिवसांच्या आत लिहिलेले. हे कागद तारखेच्या क्रमाने लावले, प्रत्येकातले पाहिलेले आणि तर्काचे वेगळे काढले, तर तिघांची शेवटची दुपार बरीचशी उभी करता येते.

आधी जागा पाहू. लूइस बेटाच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर फ्लॅनन बेटांचा पुंजका आहे. मुख्य बेटे सात, म्हणून दर्यावर्दी त्यांना ‘सात शिकारी’ म्हणत. त्यांतले सर्वांत मोठे एलन मोर. गेलिक भाषेत ‘मोर’ म्हणजे मोठा, पण हे मोठेपण शेजारच्या खडकांच्या मानाने. कडे सरळ समुद्रात उतरलेले, माथा पाण्यापासून सुमारे ८८ मीटर उंच, वर गवत आणि संत फ्लॅननच्या नावाचे एक जुने पडके दगडी प्रार्थनाघर. लूइसचे धनगर इथे मेंढ्या चरायला आणून सोडत. राहायला मात्र कोणी येत नसे.

दीपगृहाचा आराखडा डेव्हिड अॅलन स्टीव्हन्सन यांचा. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा यांचा चुलतभाऊ. या घराण्याने स्कॉटलंडचा किनारा पिढ्यान्‌पिढ्या दीपगृहांनी बांधून काढला. एलन मोरचे काम १८९५ मध्ये सुरू झाले आणि चार वर्षे चालले. प्रत्येक दगड, प्रत्येक पोते बोटीतून थेट कड्यावर चढवावे लागले. धक्के, पायऱ्या आणि सामान वर ओढायचा रूळमार्ग धरून ६,९१४ पौंड खर्च आला. लूइसवर ब्रेस्क्लीट येथे रक्षकांच्या कुटुंबांसाठी वसाहत बांधली, त्याचे आणखी ३,५२६ पौंड. २३ मीटर उंचीच्या मनोऱ्यात ७ डिसेंबर १८९९ रोजी पहिल्यांदा दिवा लागला. दर अर्ध्या मिनिटाला लागोपाठ दोन झोत, ही त्याची ओळख.

बोट लावायला दोन जागा होत्या, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. वारा ज्या बाजूने असेल त्याच्या उलट बाजूला उतरायचे. दोन्हीकडे सामान उचलायची क्रेन. क्रेनचे दोर आणि फिरवायचे दांडे लाकडी पेटीत ठेवून ती पेटी खडकाच्या कपारीत बसवलेली असे. पश्चिमेची पेटी समुद्रापासून ११० फुटांवर होती. ही उंची लक्षात ठेवायची, कारण पुढचा सगळा उलगडा तिच्याभोवती फिरतो.

कारभार एडिंबराच्या नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाचा. चार रक्षकांपैकी तिघे बेटावर आणि एक आळीपाळीने किनाऱ्यावर, असा शिरस्ता. ‘हेस्पेरस’ नावाची आगबोट ठराविक दिवशी सामान आणि बदलीचा माणूस घेऊन येई. ७ डिसेंबर १९०० ला ती येऊन गेली, तेव्हा दिवा लागल्याला बरोबर एक वर्ष झाले होते. त्या दिवशी अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड स्वतः बेटावर होते. मागे राहिले ते मुख्य रक्षक जेम्स डुकाट, दुय्यम सहायक थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर. मॅकआर्थर बदली कामावर होता. पहिला सहायक विल्यम रॉस आजारपणाच्या रजेवर असल्याने त्याच्या जागी त्याला घेतलेले. चौथा रक्षक जोसेफ मूर किनाऱ्यावर होता.

बेटावर तारायंत्र नव्हते. संकट आले तर इशारा द्यायचा आणि तो लूइसवरून कोणी तरी पाहायचा, एवढीच सोय. त्यासाठी उइग भागातल्या रॉडरिक मॅकेन्झी या शिकारी रानाच्या राखणदाराला बोर्डाने नेमले होते. त्याला दिवा कधी दिसला याच्या तारखा म्यूरहेडच्या अहवालात आहेत. ७ डिसेंबरला दिसला. ८ ते ११ दिसला नाही. १२ ला दिसला. त्यानंतर थेट २६ पर्यंत दिसला नाही. वाचणाऱ्याला वाटेल की, १३ पासूनच धोक्याची घंटा वाजायला हवी होती. पण ८ ते ११ या चार रात्रीही दिवा दिसला नव्हता आणि तेव्हा बेटावर सगळे ठाकठीक होते, वही भरली जात होती. हिवाळ्यातल्या धुक्यात वीस मैलांवरचा दिवा न दिसणे नित्याचेच. ‘दिसला नाही’ म्हणजे ‘लागला नाही’ असा अर्थ या यादीतून काढता येत नाही.

दुसरी साक्ष मात्र अधिक वजनदार आहे. फिलाडेल्फियाहून लीथला निघालेले ‘आर्क्टर’ हे जहाज १५ डिसेंबरच्या मध्यरात्री फ्लॅनन बेटांजवळून गेले. हवा आणि आपली जागा पाहता दिवा दिसायला हवा होता आणि तो दिसला नाही, असे त्याच्या कप्तानाचे म्हणणे. जहाज १८ तारखेला लीथला लागले. ‘हेस्पेरस’ २० तारखेला निघायची होती, पण हवामानाने अडवून धरली. ती बेटापाशी पोहोचली २६ डिसेंबरच्या दुपारी.

इथून तीन कागद सुरू होतात.

पहिला, कॅप्टन जेम्स हार्वी यांची त्याच रात्रीची तार. फ्लॅननवर भयंकर अपघात झाला आहे, तिघेही बेटावरून नाहीसे झाले आहेत, असे ती सांगते. हार्वींनी अग्निबाण उडवला, उत्तर आले नाही, म्हणून मूरला कसाबसा उतरवला. घड्याळे बंद पडलेली होती आणि इतर खुणांवरून अपघाताला आठवडा झाला असावा. बिचारे कड्यावरून उडून गेले असावेत किंवा क्रेनसारखे काही सावरताना बुडाले असावेत, हा हार्वींचा अंदाज. बंद घड्याळांवरून पुढे बरेच गूढ रचले गेले. वास्तविक चावी द्यायला माणूस नसेल, तर घड्याळ थांबणारच. तारेतली पाहिलेली गोष्ट म्हणजे घड्याळे. कडा आणि क्रेन हा तर्क, आणि तोही बेटावर न उतरलेल्या माणसाचा.

दुसरा कागद जोसेफ मूरचे २८ डिसेंबरचे पत्र. आत पहिले पाऊल ठेवणारा माणूस तो, म्हणून हे सर्वांत मोलाचे. त्याला फाटक आणि बाहेरचे दार लावलेले आढळले. स्वयंपाकघराचे दार उघडे होते, चुलीतली आग कित्येक दिवस पेटलेली नव्हती. खोल्यांतून बिछाने रिकामे, सकाळी उठून गेल्यावर राहतात तसे. तो पळतच धक्क्याकडे परतला, आणखी माणसे घेऊन पुन्हा वर गेला. दिव्याच्या खोलीत सगळे जागच्या जागी. दिवा पुसलेला, तेल भरलेले, खिडक्यांवर पडदे ओढलेले. दीपगृहातला दिवस सकाळी याच कामांनी सुरू होतो. रात्र संपली की भिंगे पुसायची, तेल भरायचे आणि भिंगातून ऊन एकवटून काही जळू नये म्हणून पडदे ओढायचे. ती कामे उरकलेली होती. स्वयंपाकाची भांडी स्वच्छ घासून ठेवलेली होती आणि त्यावरून मूर म्हणतो की, दुपारच्या जेवणानंतर केव्हा तरी ते बाहेर पडले असावेत.

आता वेळ बांधता येते. सकाळी नऊची नोंद पाटीवर आहे, म्हणजे नऊला माणसे होती. भांडी घासलेली आहेत, म्हणजे जेवण झाले होते. मध्यरात्री जवळून गेलेल्या जहाजाला दिवा दिसला नाही, म्हणजे संध्याकाळी दिवा लावायला कोणी नव्हते. डिसेंबरच्या मध्याला या अक्षांशावर सूर्य साडेतीनच्या सुमाराला मावळतो. पाटी, भांडी आणि जहाज या एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन साक्षी पंधरा तारखेच्या दुपारच्या दोन-तीन तासांवर येऊन मिळतात. इतिहासात मृत्यूची वेळ इतकी आवळून क्वचित मिळते, आणि इथे तर प्रेतेही नाहीत.

कपड्यांचा तपशीलही मूरनेच दिला. डुकाट समुद्री बूट आणि पावसाळी कोट घालून गेला होता, मार्शल बूट आणि मेणकापडाचा पोशाख घालून. हे कपडे धक्क्याकडे जायचे असेल तरच चढवले जात. मॅकआर्थरचा नेहमीचा कोट मात्र खुंटीलाच होता. त्याच्याजवळ बाहेर घालायचा कोट तो एकच. म्हणजे उघड्या अटलांटिकच्या वाऱ्यात तो नुसत्या सदऱ्यावर बाहेर पडला होता.

तिसरा कागद म्यूरहेड यांचा ८ जानेवारी १९०१ चा अहवाल. ते २९ डिसेंबरला बेटावर पोहोचले आणि त्यांनी दोन्ही धक्के पाहिले. पूर्वेकडे ७ तारखेला ठेवले होते तसे सगळे शाबूत. पश्चिमेकडे जे दिसले ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरे वाटणार नाही, असे ते लिहितात. ११० फुटांवरची दोरांची पेटी गेली होती. लोखंडी कठडे वाकलेले, काही ठिकाणी मुळापासून उखडलेले. टनापेक्षा जड असा एक दगड जागचा हललेला. कठड्याला बांधलेले जीवरक्षक कडे नाहीसे, आणि ते बांधायच्या दोऱ्या मात्र कोणी सोडलेल्या नव्हत्या. कॅनव्हासची चिंधी तेवढी अडकून राहिली होती. हात लावून काढले असते, तर गाठ सुटलेली दिसली असती, म्हणून ते पाण्यानेच ओरबाडून नेले. वर दोनशे फुटांवर कड्याच्या काठचे गवतही सोलून निघाले होते.

पण सगळे नुकसान पाण्याने केले म्हणून माणसेही त्याच वेळी गेली, असे म्यूरहेड लगेच म्हणत नाहीत. ते क्रेनकडे पाहतात. क्रेन धड होती, तिच्या पिंपावरचे कॅनव्हासचे आच्छादन घट्ट बसलेले होते. पेटीतले दोर खाली क्रेनच्या पायांत अडकून पडले होते, पण एकाही दोराचे वेटोळे सुटलेले नव्हते. म्हणजे माणसे क्रेन चालवत नव्हती, दोरही वापरत नव्हती. ती पेटीच सावरायला खाली गेली असावीत, असे ते मानतात. तेवढ्यात अनपेक्षित मोठी लाट चढून त्यांच्याही वर गेली आणि परतताना तिघांना घेऊन गेली.

वाऱ्याने उडाले असतील का, हेही त्यांनी तपासले आणि नाकारले. वारा पश्चिमेचा होता. त्याने माणसांना उचलले असते, तर समुद्राकडे नेले नसते, बेटाच्या वर, उताराकडे नेले असते, आणि माथ्यावर पोहोचण्याआधी ती जमिनीवर आडवी पडू शकली असती. कारकुनी अहवालात असा तर्क सहसा सापडत नाही. वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उतार एवढ्या दोन गोष्टींवर हार्वींच्या तारेतला निम्मा अंदाज त्यांनी शांतपणे बाजूला ठेवला आहे.

राहतो तो मॅकआर्थरचा कोट. दीपगृहात एक माणूस कायम राहायचा, हा नियम. मॅकआर्थर तोच मागे राहिलेला असणार. तो कोट न घालता धावला, याचा अर्थ त्याने काही तरी पाहिले किंवा ऐकले. १९५३ ते १९५७ या काळात याच बेटावर रक्षक असलेल्या वॉल्टर आल्डेबर्ट यांचे मत असे की, एक जण आधी पाण्यात गेला आणि त्याला काढायला गेलेले दोघे पुढच्या लाटेत गेले. त्यांनी पश्चिमेची ती अरुंद घळ कित्येक हिवाळे पाहिली होती. घळीच्या टोकाला गुहा आहे. उधाणात पाणी गुहेत घुसते, आत कोंडते आणि मग उसळून वर येते. वरून समुद्र शांत वाटला तरी पुढच्या क्षणी ते माणसाच्या डोक्यावर असते. आल्डेबर्ट यांचे म्हणणे पुरावा म्हणून दुय्यम, कारण ते अर्ध्या शतकानंतरचे. पण मूरच्या पत्रातल्या कोटाशी ते बसते, आणि म्यूरहेड यांच्या निष्कर्षाला धक्का लावत नाही.

एका पेटीसाठी एवढा धोका का पत्करला, हा प्रश्नही नोकरीच्या कागदांकडे नेतो. मार्शलला पूर्वी एकदा वादळात सरकारी सामान वाहून गेल्याबद्दल पाच शिलिंग दंड झाल्याचे जेम्स लव्ह या संशोधकाच्या पाहण्यात आले. ज्याने असा दंड भरला आहे, त्याला पश्चिमेकडची पेटी स्वस्थ बसू देत नसणार.

इतके असूनही लोकांच्या तोंडी राहिली ती गोष्ट वेगळीच. विल्फ्रिड गिब्सन यांची ‘फ्लॅनन आयल’ ही कविता १९१२ ची. तिच्यात टेबलावर न शिवलेले जेवण आहे, उलटी पडलेली खुर्ची आहे, आणि पक्षीही आहेत. कवीला ते करायचा अधिकार आहे. पण पुढे लोक ती खुर्चीच साक्ष म्हणून सांगू लागले. मूरच्या पत्रात मात्र घासलेली भांडी आहेत. जेवण टाकून उठलेली माणसे भांडी घासून जात नाहीत.

१९२९ मध्ये त्यावर कडी झाली. अमेरिकेतल्या एका सनसनाटी मासिकात दीपगृहाच्या वहीतल्या म्हणून काही नोंदी छापून आल्या. त्यांत भयानक वादळ आहे, डुकाट गप्प आहे, मॅकआर्थर रडतो आहे, सगळे प्रार्थना करताहेत, आणि शेवटी सगळे शांत होते. १९६५ मध्ये व्हिन्सेंट गॅडिस यांनी त्या आपल्या पुस्तकात घेतल्या आणि मग त्या जगभर फिरल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीला माइक डॅश यांनी त्यांचा माग काढला, तेव्हा तो १९२९ च्या पलीकडे जाईना. कागद हातात असणाऱ्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. खऱ्या वहीत १३ तारखेनंतर नोंद नाही आणि बनावट नोंदी १५ पर्यंत पोहोचतात. शिवाय बोर्डाच्या वहीत हवा, तेल, वेळ लिहायची. तिथे दुय्यम सहायकाने वरिष्ठ चिडला आहे, सहकारी रडतो आहे असे लिहिले असते, तर अधीक्षकांच्या अहवालात त्याबद्दल चकार शब्द नाही, असे झाले नसते.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत आहेत ही आशा सुटेना, आणि पुढे तोतया उभा राहिला. प्रेताची खातरी नसली की त्या जागी कथा उगवते. त्याच पानिपतच्या काळातली पत्रे छापून १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, आणि बखरीतली रसाळ हकिकत अस्सल पत्रांपुढे कुठे कुठे टिकत नाही हे प्रस्तावनेत दाखवले. एलन मोरवर दिवा लागायच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. गिब्सनची कविता आणि १९२९ ची वही या फ्लॅननच्या बखरी आहेत. त्यांचे मोल लोकांना काय ऐकायचे होते हे कळण्यापुरते.

बखरींत न येणारी माणसे म्यूरहेडच्या अहवालात येतात. डुकाटमागे बायको आणि चार मुले होती, मॅकआर्थरमागे बायको आणि दोन मुले. डुकाट आणि मार्शल यांना या कठीण जागेसाठी निवडावे अशी शिफारस म्यूरहेड यांचीच होती, आणि ७ डिसेंबरला त्यांच्याशी हस्तांदोलन करून निरोप घेणारा शेवटचा माणूस आपणच, ही आठवण ते सरकारी कागदात लिहून ठेवतात. मूरबद्दलही ते लिहितात. त्याची घाबरी अवस्था निवळली नाही तर त्याची बदली करावी लागेल. पण ते जिवावर येते, कारण या जागेचे काम माहीत असलेला एक तरी माणूस इथे हवा.

१९२५ मध्ये बेटाला बिनतारी यंत्र मिळाले. २८ सप्टेंबर १९७१ ला दिवा स्वयंचलित झाला आणि रक्षक कायमचे उतरले.

२६ डिसेंबर १९०० च्या रात्रीसाठी मूर, एक बोयांचा कारभारी आणि दोन खलाशी बेटावर राहिले. रिकाम्या बिछान्यांच्या त्या घरात चढून त्यांनी ठरलेल्या वेळी दिवा लावला, असे मूरच्या पत्रात आहे. मॅकेन्झीच्या यादीतही त्या तारखेपुढे तेच आहे : दिसला. त्या रात्रीची ही एकच गोष्ट समुद्राच्या दोन्ही बाजूंना नोंदली गेली.